जवारी

दोन चाळीसला फोन वाजला, पण माझा नाही.
मी तरी जागीच होते.
आमच्या सतारीवाल्यांच्या गल्लीत झोप हलकीच लागते.
शेजारी कुणीतरी उशिरापर्यंत
भोपळ्याला सरस लावत बसलेलं असतं,
पलीकडे मिरज जंक्शनात मालगाडी डबे आपटते.

नव्या नियमानं पहिला फोन आता सन्मती आवटीला जातो.
जिनं लिहिलं, तिनं उठायचं.
पुण्याच्या ऑफिसात त्या दिवशी टाळ्या पडल्या,
पडद्यावर दोन वर्तुळं एकमेकांत शिरली,
आणि ऑपरेशन्सच्या आम्हा सहा जणांना
कुणी सांगितलं नाही, आम्ही कुठल्या वर्तुळात.
"राखण गेली," निरंजन कुंभोजकर म्हणाला,
"आता दुसऱ्यांना काठ्या तासून द्यायच्या."
मी गार झालेला चहा पीत राहिले.

आधी शुक्रवारी संध्याकाळी
भिंतीवरून गाठोडं पडायचं,
वर चिठ्ठी: आमच्याकडे चालतंय.
मग शनिवार आमचा. रविवारही.

आजोबा सतार विकली की हात झटकायचे.
"उंबरा ओलांडला, आता वाजवणाऱ्याची."
अब्बांना ते जमलं नाही.
एकदा एक गायिका तंबोरा परत घेऊन आल्या,
म्हणाल्या, मध्यरात्रीनंतर जवारी मिटते.
अब्बांनी दुकानात तारा छेडल्या. ठणठणीत.
आमच्याकडे चालतंय, म्हणता आलं असतं.
ते त्यांच्या बैठकीला गेले,
मागच्या खांबाला टेकून पहाटेपर्यंत बसले,
गाणं सोडून नुसता तंबोरा ऐकत.
घरी येऊन घोडीचं हाड कानशीनं
निम्म्या केसाएवढं उतरवलं.

दोन बावन्नला सन्मतीचा फोन.
"ताई, सगळा डॅशबोर्ड लाल झालाय. तुम्ही बघता?"
बोटं सवयीनं कीबोर्डकडे निघाली.
मी हात मांडीखाली दाबून धरले.
"तू बघ. मी आहे लाइनवर."
बराच वेळ नुसती बटणं, तिचा श्वास,
लॉगमध्ये खाली खाली उतरण्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
"पेमेंट फसलं की पुन्हा पाठवतंय. पुन्हा. पुन्हा.
मध्ये दमच खात नाही.
ताई, हे मीच लिहिलंय. तीन वर्षं झाली.
मग इतके दिवस पडलं कसं नाही?"

मालगाडीनं शिट्टी दिली.
तेवढ्यात गप्प राहता आलं असतं.

तीन वर्षं रोज रात्री अडीचला
माझी चार ओळींची स्क्रिप्ट उठायची,
सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करायची,
आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी झोपायची.
कुणाला बोलले नव्हते. बोलायचं कुणाशी, भिंतीशी?
खरं सांगायचं तर थोडी मिरवायचेही मनात,
माझ्या पाळीत काही पडत नाही म्हणून.
सोमवारी सगळं नव्या क्लस्टरवर हलवलं,
तेव्हा ती मागे राहिली.

सांगितलं.
"म्हणजे माझी चूक तुम्ही रोज थोपटून निजवत होता."
"हो."
"मला उठवायचं की हो, ताई."

साडेतीनला तिनं दोन प्रयत्नांमध्ये थांबा घातला.
आम्ही बांधलेल्या वाटेनं तो नऊ मिनिटांत वर गेला.
लाल, पिवळं, मग हिरवं, एकेक चौकोन
आळस देत.
घटनेच्या नोंदीत नावं लिहीत नाहीत, असा नियम आहे.
स्क्रिप्टचं वाक्य मी माझ्या हातानं घातलं.

सकाळी अब्बा ओट्यावर तंबोरा घेऊन बसलेत.
नजर अधू झाली, कानस आता भाचा चालवतो,
अब्बा नुसता कान लावतात.
तार आणि हाड यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात,
तिळभर पुढे. जरा मागे.
तार मुकी. अजून मुकीच.
आणि एकदम उघडते, गल्लीभर.
"हा आवाज कुणाचा?" मी विचारते,
"तारेचा की हाडाचा?"
"चहा टाक," अब्बा म्हणतात,
आणि दुसऱ्या तारेकडे वळतात.